मूळ फोटोला धक्का न लावता क्रॉप : वाचकांचे प्रश्न

वेब ॲपमध्ये फोटो कापायची सोय हवी, पण मूळ फोटो जसाच्या तसा राहिला पाहिजे. या एकाच विषयावर विदर्भातून आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. कापूस, बैलबाजार, घरकुल, धान अशी कामं वेगवेगळी असली तरी दुखणं बहुतेकांचं सारखंच आहे.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं छोटं वेब ॲप आहे. सभासद कपाशीचे फोटो टाकतात, केंद्रावरचा मुलगा त्यातला बोंडाचा किंवा फुलाचा भाग कापतो आणि तो सल्लागारांकडे जातो. कापलेला फोटो जुन्याच नावाने सेव्ह होतो. सल्लागार म्हणतात, “अख्खं झाड दाखवा”, तर तो फोटो उरलेलाच नसतो. काय बदल करावा? (देवळी, जि. वर्धा)

उत्तर : सल्लागारांचं म्हणणं रास्त आहे. डोमकळी (गुलाबी बोंडअळीमुळे न उमललेलं फूल) ओळखायला फूल जवळून दिसावं लागतं, पण झाडावर लाल्याही (पानं लाल पडणं) आहे का, खालची पानं कशी आहेत, हे अख्ख्या फोटोशिवाय कळत नाही. म्हणून मूळ फोटो कापायचाच नाही. कुठे कापायचा, एवढंच लिहून ठेवायचं.

डेटाबेसमध्ये दोन टेबलं करा. पहिल्यात फोटोची नोंद : फाइलचा पत्ता, सरळ केल्यावरची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये, अपलोडची वेळ आणि फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलवरूनच निघणारा, तिचा ठसा म्हणावा असा आकडा). ही फाइल एकदा आली की तिच्यावर कोणीही लिहायचं नाही. त्या फोल्डरमध्ये ॲपच्या युजरला फाइल वाचायची आणि नवी टाकायची एवढीच परवानगी ठेवा. दुसऱ्या टेबलात क्रॉपची नोंद : कोणत्या फोटोची, कशासाठी, फिरवण्याचा कोन, कोणी केली, केव्हा केली आणि चौकटीचे चार आकडे, म्हणजे डावीकडून अंतर ‘क्ष’, वरून अंतर ‘य’, रुंदी आणि उंची.

हे चार आकडे पिक्सेलमध्ये ठेवू नका, ० ते १ मधल्या अपूर्णांकात ठेवा. समजा फोटो ४०८० × ३०६० पिक्सेलचा आहे आणि मुलाने डावीकडून १०२०, वरून ६१२ सोडून २०४० × १५३० ची चौकट निवडली. नोंद होईल ०.२५, ०.२, ०.५, ०.५. उद्या तुम्ही १६०० पिक्सेलची हलकी प्रत काढली तरी हेच आकडे तिला लागू पडतात. पिक्सेल साठवले असते तर “हे कोणत्या आकाराच्या प्रतीचे?” हा प्रश्न कायमचा मागे लागला असता. दशांशानंतर सहा स्थळं ठेवा. दोनच ठेवली तर ४०८० च्या फोटोत चौकट २० पिक्सेलपर्यंत सरकते.

डेटाबेसलाच अटी घालून टाका : क्ष आणि य शून्याखाली नकोत, रुंदी-उंची शून्याहून मोठी हवी, क्ष अधिक रुंदी आणि य अधिक उंची १ च्या पुढे जायला नको. ॲपमधली तपासणी कधी ना कधी चुकते, डेटाबेसची चुकत नाही. फक्त अपूर्णांकांची बेरीज कधी १.०००००१ येते. तेव्हा नोंदीआधी ती १ वर आणा, नाहीतर बरोबर असलेली चौकटही अडेल.

पडद्यावर चौकट ओढायला क्रॉपर-जेएस (क्रॉपसाठीची तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असाल, तर आवृत्ती १ मध्ये ‘गेटडेटा’ हे फंक्शन मूळ चित्राच्या पिक्सेलमध्ये आकडे देतं. त्यांना चित्राच्या रुंदी-उंचीने भागलं की अपूर्णांक मिळाले. बरेच जण चुकून ‘गेटक्रॉपबॉक्सडेटा’ वापरतात. ते पडद्यावरच्या डब्याचे पिक्सेल देतं, त्यामुळे लॅपटॉपवर केलेला क्रॉप मोबाईलवर भलतीकडेच जातो. ‘व्ह्यूमोड’ १ ठेवा. ० असेल तर चौकट चित्राबाहेर ओढता येते आणि ‘क्ष’ ऋण येतो. पुन्हा उघडताना ‘रेडी’ ही घटना घडल्यावरच ‘सेटडेटा’ने जुनी चौकट बसवा. त्याआधी दिलेली चौकट आपोआप बसणाऱ्या चौकटीखाली हरवते. आवृत्ती २ नव्याने लिहिलेली आहे आणि तिची फंक्शनं वेगळी आहेत, म्हणून आवृत्ती १ ची उदाहरणं तिला चिकटवू नका.

नवा क्रॉप केला की जुनी ओळ बदलू नका, नवी ओळ घाला आणि शेवटची ओळ चालू धरा. ‘मूळ स्थितीत आणा’ हे बटण म्हणजे ०, ०, १, १ अशी एक ओळ. यात आणखी एक फायदा पदरात पडतो. जेपेग फाइल दर वेळी सेव्ह करताना ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत नव्याने दाबली जाते आणि थोडा तपशील जातो. कापलेलं पुन्हा कापलं की अळीच्या छिद्राभोवतीची कड आधी पुसट होते. या पद्धतीत प्रत दर वेळी मूळ फाइलवरूनच निघते, म्हणून नुकसान एकदाच होतं.

प्रश्न : जनावरांच्या खरेदी-विक्रीची साइट केली आहे. यादीत चौरस फोटो दिसतो, त्यात बैलजोडीतला एक बैल अर्धा कापला जातो. ‘ऑब्जेक्ट-फिट कव्हर’ लावून पाहिलं, तेच. चार आकडे साठवले तर ते पडद्यावर नेमके दाखवायचे कसे? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : ‘कव्हर’ चित्राचा मध्य धरतं आणि कडा छाटतं. त्याला ना जोडी कळते ना एकटा बैल. तुमची चौकट दाखवायची तर बाहेर एक डबा घ्या, त्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ द्या आणि त्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण कापलेल्या भागाइतकंच ठेवा. हे प्रमाण पिक्सेलवरून काढायचं, अपूर्णांकांवरून नाही. वरच्या उदाहरणात ०.५ आणि ०.५ पाहून डबा चौरस केलात तर चुकलं, कारण भाग २०४० × १५३० आहे, म्हणजे ४ : ३.

आत चित्राची रुंदी १०० भागिले ‘रुंदी’ इतके टक्के द्या, म्हणजे इथे २०० टक्के, आणि उंची ‘ऑटो’. मग ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये ‘ट्रान्सलेट’ करा : आडवं उणे क्ष × १०० टक्के, उभं उणे य × १०० टक्के. इथे उणे २५ आणि उणे २०. ट्रान्सलेटचे टक्के चित्राच्याच मापावर मोजले जातात, म्हणून भागाकाराची भानगड नाही.

हे बसवताना दोन ठिकाणी गाडी अडते. अनेक सीएसएस फ्रेमवर्क (पानाच्या रूपाचे तयार नियम), टेलविंडसुद्धा, प्रत्येक चित्राला ‘मॅक्स-विड्थ १०० टक्के’ लावून ठेवतात. मग तुमचे २०० टक्के कागदावरच राहतात आणि चित्र डब्याच्या कोपऱ्यात आकसून बसतं. त्या चित्रापुरतं ‘मॅक्स-विड्थ नन’ लिहा. दुसरं, ट्रान्सलेटऐवजी ‘मार्जिन-टॉप’ टक्क्यांत दिलं तर ते डब्याच्या उंचीवर नाही, रुंदीवर मोजलं जातं. चौरस डब्यात चूक दिसत नाही, आडव्या डब्यात चित्र लगेच वरखाली होतं. ‘ऑब्जेक्ट-व्ह्यू-बॉक्स’ नावाचा सोपा गुणधर्म क्रोममध्ये २०२२ पासून आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर साइट उभी करू नका.

ही युक्ती संपादनाच्या पडद्यावर आणि झलक दाखवायला ठीक. यादीच्या पानावर मात्र ती वापरूच नका. कोपरा दाखवायला ब्राउझर अख्खी फाइल उतरवतो. ४ एमबीचे २० फोटो म्हणजे एका पानाला ८० एमबी, आणि बैल बघणारा माणूस बांधावर उभा राहून बघतो, ऑफिसच्या वायफायवर नाही. यादीसाठी सर्व्हरवर ३२० आणि ६४० पिक्सेल रुंदीच्या वेबपी (कमी जागेत मावणारा चित्रप्रकार) प्रती काढा आणि ‘सोर्ससेट’मधून द्या. कोणती घ्यायची ते ब्राउझर ठरवेल.

राहिली जोडी. बाजूने काढलेली बैलजोडी चौरसात बसत नाही. बसवायचा हट्ट धरला तर वर-खाली नुसती माती आणि आभाळ येतं. यादीचं कार्ड ३ : २ करा, तेही पुरत नसेल तर ‘कंटेन’ लावून बाजूला पट्टी राहू द्या. विकणाऱ्याला शिंगं, खांदा आणि पाय दिसायला हवे असतात, डिझाइनची सममिती नाही. एकाच फोटोसाठी ‘यादी’ आणि ‘तपशील’ असे दोन क्रॉप ठेवता यावेत म्हणूनच पहिल्या उत्तरात ‘कशासाठी’ हा रकाना आहे. एखाद्या कामासाठी क्रॉप केलेलाच नसेल तर मुख्य चौकटीचा मध्य धरून हव्या प्रमाणाची चौकट काढा आणि ती चित्राबाहेर जात असेल तर आत सरकवा.

प्रश्न : नळयोजनेच्या तक्रारीचं ॲप बनवलं. फोटो फोनमधी उभा दिसते, क्रॉप करताना बी उभाच दिसते, पण सर्व्हरवर कापून आला का आडवा होऊन राह्यला अन् भलताच भाग येऊन राह्यला. व्हॉल्व्ह कापला तर भिंत येते. हे काय होऊन राह्यलं? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : फोन उभा धरला तरी बहुतेक कॅमेरे पिक्सेल आडवेच लिहितात आणि फाइलच्या एक्झिफ माहितीत (फोटोबरोबर साठवलेली वेळ, ठिकाण वगैरे नोंद) “दाखवताना फिरवा” अशी खूण ठेवतात. ‘ओरिएंटेशन’ या खुणेचे १ ते ८ असे आठ आकडे आहेत. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा, ३ म्हणजे उलटा, ८ म्हणजे दुसऱ्या दिशेने ९० अंश. २०२० पासून क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी ही खूण आपणहून पाळतात, म्हणून वापरणाऱ्याला फोटो उभा दिसतो आणि चौकटही उभ्या फोटोवर बसते. सर्व्हरवरची लायब्ररी मात्र सांगितल्याशिवाय खुणेकडे बघत नाही. ती उभ्या फोटोचे आकडे आडव्या पिक्सेलांवर लावते. तुमची भिंत तिथून येते.

उपाय असा की कुठलंही काम करण्याआधी फोटो सरळ करायचा. नोडवर ‘शार्प’ वापरत असाल तर ‘रोटेट’ला काहीही न देता सर्वांत आधी बोलवा. पायथनमध्ये पिलोच्या ‘इमेजऑप्स’मधलं ‘एक्झिफ_ट्रान्सपोज’ तेच करतं. पीएचपीतलं जीडी खूण वाचतच नाही, तिथे ‘एक्झिफ_रीड_डेटा’ने आकडा काढून हाताने फिरवावं लागतं.

क्रम एकदाच ठरवा आणि सगळीकडे तोच पाळा : खुणेप्रमाणे सरळ करणं, वापरणाऱ्याने दिलेला कोन, मग कापणं, मग लहान करणं. क्रॉपर-जेएसच्या आवृत्ती १ मध्ये फोटो फिरवल्यावर मिळणारे क्ष-य फिरवलेल्या चित्राच्या बाहेरच्या चौकटीवर मोजलेले असतात. म्हणून आधी कापून मग फिरवलं तर पुन्हा हाच गोंधळ. अपूर्णांक काढतानाही भाजक फिरवलेल्या चित्राचा घ्या. ९० अंशाला रुंदी आणि उंची यांची अदलाबदल होते. गावपातळीच्या कामाला ९०-९० अंशांची दोन बटणं पुरतात. क्षितिज सरळ करायची बारीक सरकपट्टी दिली नाही तर कोणाचं काही अडत नाही, आणि तुमचं निम्मं गणित वाचतं.

आडव्या पिक्सेलांवर मोजलेल्या नोंदी टेबलात आधीच असतील तर त्या फेकू नका. खूण ६ असलेल्या फोटोसाठी नवा क्ष = १ उणे जुना य उणे जुनी उंची; नवा य = जुना क्ष; रुंदीच्या जागी उंची आणि उंचीच्या जागी रुंदी. बदललेल्या ओळींवर खूण करून ठेवा. स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तर चौकटी परत फिरतील.

तपासायला आठही खुणांचे आठ फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. चारही कोपऱ्यांत वेगळे रंग असलेलं एकच चित्र पुरे. आठहीमधून त्याच चार आकड्यांनी तोच कोपरा निघाला म्हणजे झालं.

प्रश्न : धान खरेदी केंद्रावरच्या पोत्यांचे आणि पावत्यांचे फोटो क्रॉप करून नोंदवतो. दोन तक्रारी. एखाद्याच फोटोवर सर्व्हर ‘बॅड एक्स्ट्रॅक्ट एरिया’ म्हणून अडतो. आणि क्रॉप बदलला तरी यादीत जुनाच फोटो दिसतो, संध्याकाळी आपोआप बदलतो. (लाखांदूर, जि. भंडारा)

उत्तर : पहिली तक्रार पूर्णांक करण्याची आहे. १००१ पिक्सेल रुंदीचा फोटो घ्या, क्ष ०.५ आणि रुंदी ०.५. दोन्हीचे ५००.५ होतात, जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही ५०१ वर जातात, बेरीज १००२. चौकट चित्राबाहेर एक पिक्सेल गेली, आणि शार्प नेमकं हेच बोलतं. पायथनचं ‘राउंड’ ५००.५ ला ५०० करतं, कारण ते अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं. तिथे त्रुटी येत नाही, एक पिक्सेल कमी पडतो एवढंच. म्हणजे एकाच नोंदीवरून दोन भाषांत दोन वेगळी चित्रं.

रुंदी वेगळी पूर्णांक करू नका. डावी कड = क्ष × चित्राची रुंदी, खालच्या पूर्णांकावर. उजवी कड = (क्ष + रुंदी) × चित्राची रुंदी, वरच्या पूर्णांकावर, आणि ती चित्राच्या रुंदीपेक्षा जास्त आली तर तिथेच थांबवा. दोन कडांतला फरक ही कापायची रुंदी, किमान १. उंचीचंही तसंच.

दुसरी तक्रार कॅशची. क्रॉप बदलला तरी प्रतीचा पत्ता तोच राहिला, म्हणून ब्राउझर किंवा मधला सीडीएन (प्रती साठवून देणारा सर्व्हर) जवळची जुनी प्रत देत राहतो आणि तिची मुदत संपली की नवी येते. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून वेळ चिकटवण्याची जुगाड करू नका. तसं केलं की दर वेळी सगळंच नव्याने उतरतं. मूळ फाइलचा हॅश, चार आकडे, कोन, प्रतीची रुंदी आणि गुणवत्ता यांची एक ओळ करून तिचा हॅश काढा आणि तेच प्रतीचं नाव ठेवा. क्रॉप बदलला की नाव बदलतं. मग त्या प्रतींना ‘मॅक्स-एज’ ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभर, आणि ‘इम्यूटेबल’ खुशाल लावा. हॅशच्या ओळीत आपल्या कापण्याच्या कोडचा आवृत्ती क्रमांकही घाला. आज कडांचं गणित दुरुस्त केलंत तर जुन्या चुकलेल्या प्रती आपोआप बाद होतील.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर घरकुलांचे फोटो टाकतो. काहींत लाभार्थी आधार कार्ड हातात धरून उभे आहेत. तेवढा भाग क्रॉपने बाहेर काढला. मूळ सुरक्षित राहतं, तेव्हा हरकत नाही ना? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : हरकत आहे, आणि ती ‘मूळ सुरक्षित राहतं’ याच शब्दांत आहे. हा क्रॉप नजर वळवतो, लपवत काहीच नाही. सीएसएसने कापलं असेल तर अख्खी फाइल वाचकाच्या ब्राउझरमध्ये पोहोचलेली असते. चित्रावर उजवं क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडलं की आधार क्रमांक समोर. सर्व्हरवर कापलं असेल पण मूळ फाइल त्याच सार्वजनिक फोल्डरमध्ये ‘ओरिजिनल’ अशा ओळखू येणाऱ्या नावाने असेल, तरी तेच.

कापलेल्या फाइलमध्येही मूळ दडून राहू शकतं. मार्च २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या ‘मार्कअप’ या साधनातला असा दोष उघड झाला होता. कापलेलं लहान चित्र जुन्या फाइलवर लिहिलं जायचं, पण फाइलची जुनी शेपटी छाटली जात नव्हती. त्या उरलेल्या भागातून मूळ चित्राचा काही हिस्सा परत काढता येत होता. विंडोज ११ च्या ‘स्निपिंग टूल’मध्येही तसाच दोष सापडला. धडा सरळ आहे : प्रत नेहमी नव्या फाइलमध्ये लिहा, असलेल्या फाइलवर कधीच नाही. शिवाय एक्झिफमध्ये मूळ फोटोचं छोटं चित्र दडलेलं असतं, काही कार्यक्रम कापताना ते तसंच सोडतात. घराचे अक्षांश-रेखांशही तिथेच असतात. शार्प बाहेर लिहिताना ही माहिती आपणहून गाळतं. इतर साधनांत ती गाळायला सांगावं लागतं.

तुमच्या कामाची मांडणी अशी ठेवा. मूळ फाइली वेब फोल्डरच्या बाहेर, किंवा क्लाउडवरच्या खासगी बकेटमध्ये (साठवणीच्या जागेत). कर्मचाऱ्याला मूळ बघायचंच असेल तर लॉगिननंतर पाच-दहा मिनिटांत संपणारा सहीचा दुवा (साइन्ड यूआरएल) द्या. लोकांसाठी फक्त सर्व्हरवर काढलेली प्रत. आधार क्रमांक फोटोच्या मधोमध असेल आणि कापून जात नसेल तर त्यावर काळा भरीव चौकोन प्रतीतच रंगवा. धूसर करू नका, धूसर केलेले मोठे आकडे अनेकदा ओळखू येतात. मास्क केलेल्या आधारवर पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात, तेवढं चालतं. पण छोट्या फोटोत आकडे मोजत बसण्यापेक्षा कार्ड पूर्ण झाका, क्यूआर कोडसकट.

आणि मूळचं काय? घराच्या फोटोसाठी आधार क्रमांकाची गरजच नसेल तर तो फोटो जपून ठेवायचं कारण उरत नाही. अशा वेळी झाकलेली प्रत हीच नवी मूळ फाइल करा, जुनी पुसा, बॅकअपमधूनही पुसा. या सदरातल्या बाकी सगळ्या सल्ल्यांच्या हे उलट आहे, पण इथे तेच योग्य. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. घरकुलाच्या किंवा पीक नुकसानीच्या फोटोवर खाली तारीख आणि अक्षांश-रेखांशांची पट्टी छापलेली असते. ती लोकांच्या प्रतीत कापली तरी चालेल, पडताळणीच्या प्रतीत शाबूत हवी. विम्याच्या दाव्यात केव्हाचा फोटो हा प्रश्न हमखास येतो.

प्रश्न : आमचे कार्यकर्ते मेळघाटातल्या गावांतून ३ जीबी रॅमच्या फोनवर काम करतात. क्रॉपचं पान उघडलं की ब्राउझर बंद पडतो. रेंज असते कधी, नसते कधी. (धारणी, जि. अमरावती)

उत्तर : फाइल ४ एमबीची असली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ४०८० × ३०६० चा फोटो मेमरीत सुमारे ५० एमबी घेतो. फोन ५० मेगापिक्सेलवर असेल, ८१६० × ६१२०, तर सुमारे २०० एमबी. त्यावर कॅनव्हासची (पानात चित्र रंगवायच्या जागेची) आणखी एक प्रत झाली की ब्राउझर मान टाकतो. आयफोनच्या सफारीत कॅनव्हासला पिक्सेलांची मर्यादा असते; बऱ्याच आवृत्त्यांत ती सुमारे १ कोटी ६७ लाख, म्हणजे ४०९६ × ४०९६ होती. मर्यादेपुढे तो कोरा राहतो आणि वापरणाऱ्याला कारणही कळत नाही.

आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ५० मेगापिक्सेलचा पर्याय बंद करायला सांगा. बोंड असो वा नळ, १२ पुरेत. पानात फाइल बेस-६४ मध्ये बदलू नका, मजकूर एक-तृतीयांशाने वाढतो. ‘क्रिएटऑब्जेक्टयूआरएल’ वापरा आणि काम झालं की ‘रिव्होक’ करा, नाहीतर दहाव्या फोटोपर्यंत मेमरी भरते. ‘क्रिएटइमेजबिटमॅप’ला ‘रिसाइजविड्थ’ १२८० देऊन हलकी झलक काढा आणि चौकट तिच्यावरच ओढू द्या. आकडे अपूर्णांकात असल्यामुळे झलकेवरची चौकट मूळ फाइलला जशीच्या तशी लागते. झलक कधीही मूळ म्हणून अपलोड करू नका. कॅनव्हासमधून निघालेल्या फाइलमध्ये एक्झिफ उरत नाही, वेळही जाते आणि ठिकाणही. हीच गत व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्राची. तिथून घ्यायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

रेंज नसताना फाइल आणि आकडे दोन्ही ‘इंडेक्स्डडीबी’मध्ये (ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये) ठेवा. रेंज आली की आधी आकडे आणि ५०-६० केबीची झलक जाऊ द्या, मूळ फाइल मागून तुकड्यातुकड्यांनी. दोघांना जोडायला फोनवरच तयार केलेला एकच यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्या. सर्व्हरने मूळ मिळाल्याची पोच दिल्याशिवाय फोनवरची प्रत पुसायची नाही.

बोटाने चौकट ओढताना पानच वर सरकत असेल तर क्रॉपच्या भागाला ‘टच-ॲक्शन नन’ द्या. कोपऱ्यांचे धरायचे ठिपके दिसायला लहान असले तरी स्पर्शाची जागा ४४ पिक्सेलच्या आसपास ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन अर्ज भरून देतो. ३.५ × ४.५ सेंमी फोटो, ५० केबीच्या आत मागतात. दर वेळी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : चौकटीचं प्रमाण ३५ भागिले ४५ असं बांधून टाका. ३०० डीपीआयला ४१३ × ५३१ पिक्सेल होतात. जेपेग गुणवत्ता ८५ पासून सुरू करून ५-५ ने उतरवा, ५० केबीखाली आलं की थांबा. ६० पर्यंतही येत नसेल तर पार्श्वभूमी तपासा. फुलाफुलांचा पडदा किंवा विटांची भिंत जागा खाते, साधी पांढरी भिंत खात नाही. दुसऱ्या अर्जाला वेगळं माप लागलं तर त्याच मूळ फोटोवर नव्या प्रमाणाची दुसरी नोंद.

प्रश्न : सगळे मूळ फोटो ठेवायचे म्हणजे जागा भरणार. कुठवर ठेवायचे? (पुन्हा देवळीचेच वाचक)

उत्तर : हिशोब मांडा. दिवसाला २०० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे ८०० एमबी. महिन्याला २४ जीबी. हंगामाचे पाच महिने धरले तर १२० जीबी, एका साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावेल एवढं. जागा खरी खातात त्या काढलेल्या प्रती, आणि त्या कधीही पुसता येतात. ९० दिवस कोणी न मागितलेली प्रत पुसा, मागितली की मुळावरून पुन्हा निघेल. बॅकअपही फक्त मूळ फाइलींचा आणि दोन टेबलांचा घ्या. मूळ पुसायची मुदत वर्षाच्या सुरुवातीलाच संचालक मंडळाकडून लिहून घ्या. पीक विम्याचा किंवा बियाण्याचा वाद चालू असलेल्या फोटोंवर ‘थांबवा’ अशी खूण ठेवा, आणि पुसणारी स्क्रिप्ट आधी महिनाभर फक्त यादी काढण्यापुरती चालवा.